ज्याच्यावाचून अडतं, त्यालाही नियम

पगार नसलेलं काम टिकतं की मोडतं, हे तिथली माणसं एकमेकांशी कशी बोलतात यावर ठरतं. मी फावल्या वेळात ज्या क्षेत्रात काम करते, तिथं याचा पडताळा वारंवार येतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहावा, बदलावा, वाटावा असं सॉफ्टवेअर. जगभरची अनेक माणसं नोकरी-संसार सांभाळून, घरी बसून ते तयार करतात. त्यांना कुणी नेमलेलं नसतं, त्यांच्यावर कुणी साहेब नसतो. अपमान झाला तर माणूस राजीनामा देत नाही, भांडतही नाही. तो पुन्हा येत नाही, एवढंच. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं, की अमका बरेच दिवस दिसला नाही. तोवर त्याला परत बोलावण्याची वेळ निघून गेलेली असते.

मी रायपूरची. पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि तात्यापाऱ्यात त्यांनी बिऱ्हाड केलं. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि दाराबाहेर छत्तीसगढी, अशा तीन भाषांत मी वाढले. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती जितका माझा, तितकाच पौष पुनवेचा छेरछेरा सणही माझा. एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते. मराठी घरातली बाई छत्तीसगढीसाठी कशाला खपते, असं मला पाहुणे विचारतात. त्यांना मी माधवराव सप्रे यांचं नाव सांगते. घरची मराठी असलेल्या या माणसानं 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं आणि पुढं ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. ज्या मातीत राहतो तिथल्या भाषेचं आपण काही देणं लागतो, ही समजूत इथल्या मराठी घरांत जुनी आहे.

छत्तीसगढीला 2007 मध्ये विधानसभेनं राजभाषेचा दर्जा दिला. 2011 च्या जनगणनेत सुमारे 1 कोटी 62 लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली, पण त्यांची मोजणी हिंदीतच धरली गेली. अशा भाषेला बाजार विचारत नाही. तिच्यात संगणक बोलता करायचा तर स्वयंसेवकांनीच करायचा. रवि रतलामी या नावानं लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव यांनी केडीई हे संगणकाचं दर्शनी रूप छत्तीसगढीत आणलं आणि त्या कामाला 2009 मध्ये मंथन पुरस्कार मिळाला. पडद्यावर ‘खोलव’ आणि ‘सहेजव’ अशी बटणं मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा या कामात आपणही हात घालावा असं मला वाटलं.

मी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भाषांतराला लागले. पुढं त्याच प्रकल्पाच्या आचारसंहिता समितीवर माझी निवड झाली. प्रकल्पाचं नाव इथं देत नाही. प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. खाली जे प्रकरण सांगते आहे त्यातले काही तपशीलही मुद्दाम बदलले आहेत, आणि तक्रार करणाऱ्या मुलीला हा मजकूर आधी वाचायला देऊन तिची संमती घेतली आहे.

या क्षेत्रात आचारसंहिता, म्हणजे एकमेकांशी कसं वागावं याची लेखी नियमावली, फार जुनी नाही. उबुंटू या मुक्त संचालन प्रणालीनं ती अगदी सुरुवातीच्या काळातच आणली. केडीईनं 2008 मध्ये स्वीकारली, डेबियन या तशाच दुसऱ्या प्रणालीनं 2014 मध्ये सभासदांचं मतदान घेऊन. त्याच 2014 मध्ये कोरालाइन एडा एमकी यांनी ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ हा मसुदा लिहिला. कुठल्याही प्रकल्पानं उचलून आपल्या दारावर लावावा असा तो होता आणि असंख्य प्रकल्पांनी तो लावला. लिनक्स या संचालन प्रणालीचा गाभा लिहिणाऱ्यांत मात्र अनेक वर्षं उलटा समज होता. कडक शब्दांत झापल्याशिवाय कोडचा दर्जा राहत नाही, असं तिथं उघड म्हटलं जाई. सप्टेंबर 2018 मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. त्याच सुमारास लिनक्सनं कव्हेनंटवर आधारलेली संहिता स्वीकारली. 4.19 ही आवृत्ती त्यांच्या गैरहजेरीत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ऑक्टोबरमध्ये काढली. लिनक्सचं काम त्यामुळं थांबलं नाही. आमच्यासारख्या लहान गटांत या घटनेचा फार मोठा परिणाम झाला. ‘मोठी माणसं अशीच असतात’ ही सबब त्या दिवसापासून लंगडी पडली.

संहिता लिहायला एक संध्याकाळ पुरते. ती लागू करायला काय लागतं, हे समितीत बसल्यावर कळतं.

तक्रार बहुधा एका ओळीची येते. ‘मला याबद्दल बोलायचं आहे, पण नाव बाहेर जाऊ नये.’ तिच्यामागं अनेक महिन्यांचं सोसणं असतं. पहिलं काम म्हणजे पोच देणं: तक्रार मिळाली, अमुक दोघं ती वाचत आहेत, अमुक तारखेपर्यंत पुन्हा कळवू. ही साधी पोच वेळेवर गेली नाही तर तक्रारदार दुसऱ्यांदा लिहीत नाही. मग समितीतल्या प्रत्येकानं सांगायचं, की या प्रकरणातल्या कुणाशी आपलं नातं, मैत्री, नोकरीचा संबंध किंवा जुनं भांडण आहे का. असेल तर त्यानं निर्णयातून बाहेर व्हायचं. मग पुरावा गोळा करायचा. इथं एक सोय असते: बहुतेक संवाद लेखी असतो. पण पुढचा-मागचा संदर्भ सोडून एकच वाक्य पाहिलं तर अन्याय होतो, दोन्ही बाजूंनी. म्हणून आम्ही अख्खा संवाद वाचतो, त्याच माणसाचे आधीचे संवादही वाचतो. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नेमकं काय आक्षेपार्ह वाटलं ते लिहून कळवतो आणि त्याचं म्हणणं मागवतो. त्याला न ऐकता निर्णय नाही.

निर्णयाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कव्हेनंटच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या चार आहेत: समज, ताकीद, काही काळाची बंदी आणि कायमची बंदी. या पायऱ्यांचा मोठा फायदा असा, की समितीला प्रत्येक वेळी रागाच्या किंवा दयेच्या भरात शिक्षा शोधावी लागत नाही. आमच्याकडच्या बहुसंख्य तक्रारी पहिल्याच पायरीवर मिटतात. आपण कुणाला किती लागेल असं बोललो, हे दाखवून दिलं की बरीचशी माणसं खरोखर ओशाळतात आणि सुधारतात. खोट्या तक्रारींचा पूर येईल अशी भीती आम्हाला सुरुवातीला घातली गेली होती. पूर आला नाही. उलट, ज्यांनी तक्रार करायला हवी होती ती माणसं करत नव्हती, ही आमची खरी अडचण राहिली.

आता ते प्रकरण. छत्तीसगढी भाषांतराचं काम आमच्याकडं मुख्यतः एकाच माणसानं उभं केलं होतं. आम्ही सगळे त्यांना भैया म्हणायचो. हजारो ओळी त्यांच्या हातच्या, शब्दसूची त्यांची, नव्या भाषांतराला मंजुरी देण्याचा अधिकारही त्यांचाच. माणूस कष्टाळू आणि भाषेवर जीव टाकणारा. पण नवख्यांशी बोलताना त्यांची जीभ फार तिखट असे. रायपूर-दुर्गकडची छत्तीसगढी तेवढी शुद्ध, बाकीची भेसळ, असा त्यांचा ठाम ग्रह होता.

सरगुजा भागातली एक आदिवासी विद्यार्थिनी गटात आली. तिनं पाठवलेल्या पहिल्याच भाषांतराखाली भैयांनी लिहिलं, “ये छत्तीसगढ़ी नहीं है, जंगल की बोली है। पहले भाषा सीखकर आओ।” तिनं सुधारून पुन्हा पाठवलं. पुन्हा तसाच शेरा, या वेळी गटात सगळ्यांसमोर. कुणीतरी हसण्याचं चिन्ह टाकलं. तिनं समितीला लिहिलं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि तेही वर्गातल्या मैत्रिणीनं मागं लागून.

समितीत आम्ही वेगवेगळ्या देशांतले. माझ्या सहकाऱ्यांनी तो शेरा यंत्राच्या भाषांतरातून वाचला. त्यांना तो भाषाशास्त्रीय मतभेद वाटला, थोडा रुक्ष, पण चालण्यासारखा. आदिवासी मुलीला तिची बोली जंगलातली म्हणणं म्हणजे काय, तो टोमणा इथं किती पिढ्यांपासून चालत आला आहे आणि तो ऐकून किती मुली शाळेत गप्प बसल्या आहेत, हे त्या भाषांतरात कुठंच नव्हतं. मी एक टिपण लिहिलं. त्यात माझं मत घातलं नाही. त्या वाक्याला या प्रदेशात काय अर्थ आहे, असं कोण कुणाला म्हणतं आणि ऐकणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, एवढंच लिहिलं. सरगुज्याचं बोलणं आणि रायपूरचं बोलणं यांत फरक आहे हे खरंच, आणि कुठलं रूप पडद्यावर घ्यायचं यावर वाद घालायला गटात पूर्ण मोकळीक आहे, हेही लिहिलं. शब्दावर टीका करणं वेगळं आणि माणसाला हिणवणं वेगळं, ही रेघ त्या टिपणात स्पष्ट होती. ते दिल्यावर मी मतदानातून बाहेर झाले. भैया माझ्याच शहरातले, ओळखीचे. माझं मत कुठल्याही बाजूला पडलं असतं तरी त्यावर संशय आला असता.

समितीची भैयांना ताकीद गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भैयांचा मला फोन आला. “दीदी, इतने साल का काम, और एक लड़की की शिकायत?” त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. मी एवढंच म्हटलं, की प्रकरणाबद्दल मी बोलू शकत नाही, तुम्हाला जे वाटतं ते समितीला लिहा, ते पूर्ण वाचलं जाईल. त्यांनी लिहिलं नाही. काही आठवड्यांनी बस्तरकडच्या एका मुलाला त्यांनी तशाच भाषेत झोडपलं. समितीनं त्यांना सहा महिन्यांसाठी मंजुरीच्या अधिकारातून आणि गटातल्या चर्चेतून बाजूला केलं.

खरी परीक्षा इथून पुढं सुरू झाली. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं आपल्याकडं म्हणतात. स्वयंसेवी गटांत ही म्हण अलिखित कायद्यासारखी चालते. समितीवर पत्रं आली. काहींचा सूर समजुतीचा होता: त्यांचा स्वभावच तसा आहे, मनात काही नसतं. काहींनी थेट विचारलं, छत्तीसगढीचं काम आता तुम्ही करणार का? हा प्रश्न पोकळ नव्हता. इंग्रजी किंवा जर्मनमध्ये एक माणूस गेला तर त्याच्या जागी दहा उभे राहतात. छत्तीसगढीत एक गेला तर काम बंद पडतं. पुढची आवृत्ती आली तेव्हा छत्तीसगढीतल्या कितीतरी नव्या ओळी भाषांतराविना इंग्रजीतच राहिल्या. ते आकडे सगळ्यांना दिसत होते.

ज्यांचे आकडे दिसत नाहीत, ती माणसं मी मोजायला घेतली. गेल्या काही वर्षांत छत्तीसगढी गटात नाव नोंदवून एक-दोन भाषांतरं पाठवून गेलेल्यांची यादी काढली. ती लांबलचक होती. बऱ्याच जणांच्या शेवटच्या भाषांतराखाली तसलाच एखादा शेरा होता. जांजगीरचा एक, कवर्ध्याचा एक, महासमुंदच्या दोघी. भैयांशिवाय काम चालणार नाही, असं आम्ही सगळे म्हणत होतो. पण दुसरं कुणी टिकलंच नव्हतं म्हणून ते एकटे उरले होते. आपण ज्याला आधारस्तंभ म्हणतो, त्याच्या भोवती माणसं का उभी राहत नाहीत, हे आधी तपासलं पाहिजे, ही त्या यादीनं मला दिलेली शिकवण.

मोठ्या प्रकल्पांनाही हीच परीक्षा द्यावी लागली आहे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॉडरेशन गटानं, म्हणजे संहिता लागू करणाऱ्या गटानं, 22 नोव्हेंबर 2021 रोजी एकत्र राजीनामे दिले. मुख्य गट स्वतःशिवाय कुणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळं आम्ही संहिता त्यांना लावू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या धक्क्यानंतर रस्टनं आपली रचनाच बदलली आणि 2023 मध्ये मुख्य गटाच्या जागी नेतृत्व परिषद आली. लिनक्समध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये एका फाइल-प्रणालीच्या मुख्य निर्मात्यानं सहकाऱ्याला अत्यंत अपमानास्पद भाषेत लिहिलं आणि जाहीर माफी मागितली नाही, म्हणून 6.13 या आवृत्तीच्या काळापुरता त्याचा सहभाग रोखण्यात आला. त्या प्रणालीचा दुसरा तसा जाणकार नव्हता, तरीही. पायथन भाषेत ऑगस्ट 2024 मध्ये टिम पीटर्स या अत्यंत ज्येष्ठ आणि आदरणीय विकासकाला तीन महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं, तेव्हा मोठं वादळ उठलं. निर्णय बरोबर की चूक यावर आजही दोन मतं आहेत. कारणांची यादी कशी लिहिली, पुरावा किती उघड केला, त्यांना बाजू मांडायला कितपत जागा मिळाली, असे प्रश्न अनेकांनी विचारले. ते विचारलेच पाहिजेत. ज्येष्ठाला नियम लावायचा तर प्रक्रिया अधिकच चोख हवी. संशयाला जागा राहिली तर शिक्षा झालेला माणूस हुतात्मा ठरतो आणि पुढची तक्रार घेऊन कुणी येत नाही.

या बाबतीत आपल्या देशातल्या एका कायद्यानं मला फार मदत केली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा स्वयंसेवी काम करणारीलाही संरक्षण देतो. पण आमच्या प्रकल्पाला कार्यालय नाही, मालक नाही, सर्व्हर परदेशात. तिथं अंतर्गत समिती नेमणार कोण? कायदा जसाच्या तसा आम्हाला लागू करता येत नाही. त्यातल्या दोन गोष्टी मात्र मी समितीत आग्रहानं मांडल्या आणि त्या मान्य झाल्या. चौकशीला मुदत हवी, आणि दोन्ही बाजूंची नावं व तपशील गुप्त राहावेत. आमच्या परदेशी सहकाऱ्यांना रायपूरहून आलेली ही सूचना पटली, कारण मुदत नसल्यानं लोंबकळलेली प्रकरणं त्यांनीही पाहिली होती.

सहा महिने संपल्यावर भैयांना अधिकार परत देण्यात आले. ते परतले नाहीत. त्यांनी काम सोडलं याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं योग्यच आहे. त्यांच्या भाषांतराच्या हजारो ओळी आजही वापरात आहेत, प्रत्येकीखाली त्यांचं नाव आहे. संहिता कुणाचं केलेलं काम पुसून टाकत नाही. गटाचं काम बराच काळ रखडलं. मग सरगुज्याच्या त्या मुलीनं तिच्या महाविद्यालयातल्या चार जणांना आणलं, महासमुंदच्या दोघींपैकी एक परत आली. आता मंजुरीचा अधिकार एकाच्या हाती नाही. कुठलंही भाषांतर दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांनी पाहिल्याशिवाय पुढं जात नाही. बोलीभेदाचा वाद आला की तो शब्दसूचीच्या पानावर लिहिला जातो आणि दोन्ही रूपं नोंदवून मग एक निवडलं जातं. काम पूर्वीपेक्षा सावकाश होतं. पण ते एका माणसाच्या प्रकृतीवर आणि मर्जीवर आता अवलंबून नाही.

समितीचं काम थकवणारं आहे, हेही सांगितलं पाहिजे. दिवसभर शिकवून रात्री दुसऱ्यांचे अपमान वाचत बसायचं, त्याबद्दल घरी एक अक्षर बोलायचं नाही, आणि बाहेर लोक ‘हुकूमशहा’ म्हणतील ते ऐकून घ्यायचं. म्हणून आमच्याकडं कुणीही दोन वर्षांपेक्षा जास्त काळ समितीत राहत नाही, आणि एक प्रकरण नेहमी दोघं मिळून हाताळतात. नियम लागू करणारी माणसं मोडली तर नियमही मोडतो.

महाराष्ट्र मंडळं, वाचनालयं, ट्रेकिंगचे गट, विकिपीडियाचे संपादक, सॉफ्टवेअर लिहिणारे विद्यार्थी, या सगळ्यांत आज कुठं ना कुठं आचारसंहिता लिहिली जाते आहे. लिहिणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. कलमं वाढवण्याआधी तीन गोष्टी ठरवा: तक्रार कोणत्या पत्त्यावर येईल, ती कोण वाचेल, आणि किती दिवसांत उत्तर जाईल. मग गटातल्या सर्वांत कामाच्या, सर्वांत आदरणीय माणसाचं नाव मनात आणा आणि त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर हीच माणसं ती वाचू शकतील का, असं स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर समिती बदला. संहिता त्यानंतर लिहा.